जेवणाआधीची गोळी

तुम्ही मला लाजाळू म्हणून चिडवता, पण त्या लाजेपायी मी सांगोल्यात एक अख्खं घर उपाशी बसवलं होतं.

माझ्या वडिलांना, म्हणजे दादांना, पार्किन्सन आहे. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यावी लागते, नाहीतर ती नीट लागू पडत नाही आणि हात जास्त थरथरतो. माझ्या लग्नाची बोलणी करायला आम्ही सोलापूरहून गेलो होतो. गोळी माझ्याच खिशात होती, पण सगळ्यांसमोर पाणी कसं मागायचं, म्हणून मी गप्प बसलो. ताटं वाढल्यावर हळूच ती दादांच्या हातात दिली.

दादांनी गोळी घेतली आणि ते तसेच बसून राहिले. पाहुण्याने पहिला घास घेतल्याशिवाय त्या घरात कोणी जेवत नाही. भाकरी गार व्हायला लागली.

दादा मान खाली घालून म्हणाले, "तुमी घ्या की. मला अर्धा तास थांबावं लागतंय. हाताचं दुखणं हाय."

मला वाटलं, संपलं. सोयरीक मोडली.

तेवढ्यात मुलीचे वडील, अप्पा, म्हणाले, "लई बरं झालं! माझीबी गोळी राहिलीया. मलाबी अर्धा तासच सांगितलाय." त्यांनी खिशातून गोळी काढून तोंडात टाकली आणि दोघं डाळिंबाच्या बागेवर बोलत बसले.

लग्नानंतर मी बायकोला विचारलं, "अप्पांना कसली गोळी आहे गं?"

"कसली न्हाय. आवळ्याची होती."

अजूनही दोघं एकत्र जेवायला बसले, की अप्पाच आधी आवाज देतात, "चला व्याही, गोळ्या घेऊ."