सव्वा अकराची शांतता

सेंट जॉन्समधल्या दाताच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. नर्स बाहेर आली.

“पाइक आजोबा, कुठला दात दुखतोय?”

म्हातारा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत गप्प.

“थांब गं जरा,” शेजारची आजी म्हणाली. “सव्वा अकरा झालेत. तीन मिनिटं ते बोलायचे नाहीत.”

“ऐकू येत नाही का त्यांना?”

“सगळं येतं. जहाजावर रेडिओ सांभाळायचे ना. तासातून दोनदा सगळ्या जहाजांनी गप्प बसायचं, कुणी बुडत असेल तर त्याची हाक ऐकू यावी म्हणून. नोकरी सुटली, सवय काही सुटली नाही.”

“घरीसुद्धा?”

“आमच्या लग्नातसुद्धा. पाद्री ‘हिचा स्वीकार करतोस का’ विचारतोय आणि हे घड्याळ बघतायत.”

“अगं बाई. तुम्ही कसं सहन करता, आजी?”

“मी अवघड बातम्या याच वेळेला सांगते. अहो, ऐकताय ना? माझा भाऊ महिनाभर राहायला येतोय. अकॉर्डियन घेऊन. मी हो म्हटलंय.”

म्हाताऱ्यानं खुर्चीच्या हातावर बोटानं टकटक सुरू केली.

“हे काय करतायत?”

“जहाज बुडतंय म्हणून मोर्स कोडमध्ये कळवतायत.”

“पण आत्ता गप्प बसायचं असतं ना?”

“बुडणाऱ्याला मुभा असते.”