न्हाणीतल्या कोंबड्या

सोनिका : आई, कडी काढा. गाडी पुढच्या गल्लीत आली आहे.

पार्वतीबाई : येऊ दे.

सोनिका : भोंग्यावर सांगून राहिले, ज्याच्या घरी कोंबड्या असतील त्यानं काढून द्याव्या. तिकडं पोल्ट्री फार्मवर बर्ड फ्लू निघाला, म्हणून आपल्या एरियातल्या सगळ्या नेणार. आणि तुम्ही त्या घेऊन न्हाणीत बसल्या.

पार्वतीबाई : माहीत आहे मले.

सोनिका : मागं महापालिकेची नोटीस आली तेव्हा पोत्यात घालून जरीपटक्याले तुमच्या बहिणीकडे नेल्या. साहेब गेले की पुन्हा छतावर. तेव्हा मी काही बोलली नाही. सासू म्हणून गप्प राहिली. पण आता याच्यानं माणूस मरते, आई.

पार्वतीबाई : मित्रा कुठं आहे?

सोनिका : इथंच. दाराले कान लावून उभी आहे तुमची नात. आजी काहून बाहेर येत नाही म्हणते.

पार्वतीबाई : तिले दारापासून दूर कर.

सोनिका : काहून?

पार्वतीबाई : कर म्हणलं न.

सोनिका : तुमचा आवाज काहून असा बसला?

पार्वतीबाई : तिले आधी दूर कर, मंग सांगतो.

सोनिका : मित्रा, जा बाळा, समोरच्या खोलीत बस. मी बोलावल्याशिवाय येऊ नको. गेली. बोला आता.

पार्वतीबाई : परवा लाल कोंबडी मेली. तुरा निळा पडला होता. कोणाले सांगतलं नाही. मागं जांभळाखाली पुरली.

सोनिका : हातानं?

पार्वतीबाई : हातानंच. काल आणखी एक मान टाकून बसली. अन् रातीपासून माह्या अंगात ताप आहे वं. छाती दुखून राहिली.

सोनिका : आणि हे आता सांगून राहिल्या तुम्ही?

पार्वतीबाई : भेव वाटलं. पहिले वाटलं, कोंबड्या नेतील. मंग वाटलं, मलेच नेतील, परत आणणार नाही. आता पोट्टीचं भेव वाटते. काल राती माह्या कुशीत शिरत होती, मी हाकललं तिले.

सोनिका : मले वाटलं, रागावल्या तिच्यावर.

पार्वतीबाई : रागवीन कायले?

सोनिका : तिनं हात लावला का मेलेल्या कोंबडीले? खरं सांगा.

पार्वतीबाई : नाही. शाळेत होती. पण त्याच दिवशी सकाळी दाणे टाकाले छतावर आली होती.

सोनिका : अंकुशले फोन लावते.

पार्वतीबाई : पोरगा मिहानले कामावर पोहोचला असंल. यायले टाइम लागंल. पहिले पोट्टीले आंघोळ घाल, कपडे बदल, अन् शेजारच्या भावनाकडे नेऊन दे.

सोनिका : भावनाताईकडे? तिनंच तर कोंबड्यांची तक्रार केली होती आपली, म्हणून नोटीस आली.

पार्वतीबाई : केली तर केली. तिच्या घरी मागची खोली खाली आहे. पण काय झालं ते सारं सांगजो. मी लपवलं, तू नको लपवू.

सोनिका : ती नाही म्हणाली तर?

पार्वतीबाई : विचारून पाह्य जाऊन. अन् त्या गाडीवाल्यालेही सांग.

(थोड्या वेळानं, त्याच दाराशी.)

रुपराव : मावशी, मी रुपराव, कोंबड्या न्यायला आलेल्या टीमचा. सूनबाईंनी सगळं सांगितलं मला. आम्ही किट घालून आहोत, दार उघडा.

पार्वतीबाई : नात गेली का माही?

सोनिका : गेली, आई. भावनाताईनं दोन प्रश्न विचारले, मास्क लावला आणि आत घेतलं तिले.

पार्वतीबाई : इथंच मारसान का भाऊ?

रुपराव : इथं नाही, मावशी.

पार्वतीबाई : पण मारसान.

रुपराव : हो. मारावंच लागते.

पार्वतीबाई : नात दिवस भराच्या आधी झाली होती. वजनच वाढे ना तिचं. खायाले लागली तशी रोज एक अंडं उकडून चारलं मी. लोक म्हणे, शहरात कोंबड्या कोण पाळते. मी म्हणलं, मी पाळतो.

रुपराव : चांगलंच केलं तुम्ही. पण आता उघडा.

पार्वतीबाई : तुमचे माणसं आत नका पाठवू. मीच एकेक देतो. माह्या हातात ओरडत नाही त्या.

रुपराव : द्या. मी पिंजरा धरतो. हळू... हं. दुसरी द्या.

सोनिका : आई, ताप आहे तुम्हाले. राहू द्या, ते घेतील.

पार्वतीबाई : तू मागं सरक. ही घ्या भाऊ शेवटची. हिची मान पडली आहे, हिले वेगळी ठेवा.

रुपराव : ठेवतो. अॅम्बुलन्स बोलावली आहे. तुमची तपासणी होईल, सूनबाईंची आणि नातीचीही.

पार्वतीबाई : सोनिका, जवळ नको येऊ. माही चप्पल तिथूनच सरकव.

(काही दिवसांनी, फोनवर.)

सोनिका : आई, रिपोर्ट आला. तुमचा ताप कोंबड्यांचा नाही. निमोनिया आहे, औषधानं उतरून राहिला म्हणे डॉक्टर. आमचेही रिपोर्ट साफ आहेत.

पार्वतीबाई : अन् कोंबड्या?

सोनिका : त्याइले होता तो फ्लू.

पार्वतीबाई : सगळ्याइले?

सोनिका : ते नाही विचारलं मी.

पार्वतीबाई : मित्रा काय करून राहिली?

सोनिका : चित्र काढून राहिली. भावनाताईनं रंग दिले तिले. दवाखान्यातून सुट्टी झाली की अंकुश येईल तुम्हाले घ्यायले.

पार्वतीबाई : छत धुतलं का?

सोनिका : धुतलं. त्या गाडीवाल्या माणसांनी औषधही मारलं.

पार्वतीबाई : अन् जांभळाखाली?

सोनिका : तिथलंही उकरून नेलं, वरून चुना टाकला. आता काही नाही राहिलं, आई. झोपा तुम्ही.

पार्वतीबाई : हो, झोपतो. पण पोट्टीले छतावर नको जाऊ देऊ वं.