आजीचा गुडघा, थोडक्यात

इंदिरानगरच्या दवाखान्यात माझ्या शेजारी आजी-नात बसल्या होत्या.

"आजी, डॉक्टरांसमोर लाँग स्टोरी शॉर्ट करायची."

"म्हंजी?"

"मोठी गोष्ट थोडक्यात. इंग्रजीत तसं म्हणतात. गुडघा दुखतोय, दसऱ्यापासून. बस."

"आन् कशानं, ते?"

"पडले म्हण."

"पडले तव्हा नाय दुखला. तुझा आजा हसला म्हणून मी रुसून झेंडूच्या सरीतच बसले. बसल्या बसल्या दोन क्रेट फुलं तोडली, पर उठले नाय."

"आजोबांनी उठवलं नाही?"

"आला ना. हात पुढं केला, आन्..."

"कुसाबाई, आत या," काउंटरवरून हाक आली.

"चल, सृष्टी."

"ताई, पुढचा नंबर घ्या. आजी, हात पुढं केला, मग?"

पुढचा नंबर माझा होता. मीही उठले नाही.