आधी माझा जुना फोन परत द्या

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. श्यामसुंदर देवस्थळी सर, प्रमुख पाहुणे आणि संस्थेचे कार्यवाह माननीय संभाजीराव ढमढेरे, व्यासपीठावरचे आणि व्यासपीठावर जागा न उरल्यामुळे खाली बसलेले मान्यवर, माझे सहकारी, शिक्षकेतर मंडळी, आजी-माजी विद्यार्थी, आणि खास बंगलोरहून आलेली, पहिल्या रांगेत बसलेली माझी लेक पूर्वा. सर्वांना सप्रेम जयभीम.

कार्यक्रमपत्रिकेत यापुढे ‘सत्काराला उत्तर’ असं छापलंय म्हणे. उत्तर म्हणजे सत्कारमूर्तीने उभं राहायचं, आवाज थोडा जड करायचा आणि ‘मी भारावून गेले आहे’ असं म्हणून खाली बसायचं. इतकी वर्षं मी या कॉलेजात इतिहास शिकवला आणि मुलांच्या कानीकपाळी ओरडत आले की प्रश्न काय विचारलाय तो नीट समजून घ्या आणि त्याचंच उत्तर लिहा. तेव्हा आज मी खरोखरच उत्तर देणार आहे. सर, वेळेची मर्यादा मला सांगितलेली आहे. ती मी पाळणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

आता आधी मानाचं. शाल मिळाली, ऊबदार आहे. रंगाबद्दल मात्र एकमत झालेलं दिसत नाही. ढमढेरे साहेब म्हणाले मोरपंखी, सूत्रसंचालक म्हणाले हिरवी आणि देवस्थळी सर हळूच म्हणाले, ‘निळी आहे मॅडम, तुम्हाला शोभते.’ मी जन्मापासून आंधळी आहे, त्यामुळे या वादात पडत नाही. तुम्ही डोळस माणसं आपसात ठरवा आणि मला कळवा. श्रीफळ मिळालं, मानपत्र मिळालं. मानपत्रात माझा उल्लेख ‘प्रकाशाची वाटसरू’ असा केलाय. असू दे. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता.

आणि मग तो डबा.

मघाशी आपल्या पदार्थविज्ञान विभागाचे प्रा. अभय कुलथे यांनी माइक हातात घेऊन जे जाहीर केलं, ते आपण सगळ्यांनी ऐकलं आणि टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, कारण हात आपोआप वाजतात. अभय म्हणाले की सगळ्या स्टाफने मिळून ओव्हाळ मॅडमसाठी नवाकोरा आयफोन घेतलाय. म्हणाले, पूर्वाताईंनी तो स्वतःच्या अकाउंटवर सुरू करून दिलाय, म्हणजे मॅडम कुठे आहेत ते त्यांना बंगलोरला बसून दिसेल. म्हणाले, मॅडमच्या फोनचा पासवर्डही पूर्वाताईंनीच दिला. आणि शेवटी, अगदी आनंदाने म्हणाले, ‘मॅडमचा तो जुनाट अँड्रॉइड माझ्या बॅगेत आहे. इथून उठलो की थेट दुकानात जाऊन एक्सचेंजला देतो. दुकानदार वाट बघतोय!’

अभय, दुकानदाराला वाट बघू दे.

काल दुपारी अभय माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘मॅडम, उद्याच्या स्लाइड शोसाठी तुमचे जुने फोटो हवेत, फोन जरा देता का? उद्या सकाळी परत.’ मी दिला. माझ्या फोनमधले फोटो मी कधी पाहिलेले नाहीत, तेव्हा निदान दुसऱ्या कोणाला तरी त्यांचा उपयोग होईल, असं वाटलं. सकाळी विचारलं तर म्हणाले, ‘कार्यक्रमात देतो.’ आणि कार्यक्रमात हे.

आपल्याला कल्पना यावी म्हणून सांगते. काल संध्याकाळी धायरीच्या माझ्या घरी माझ्या हातात गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या. एक रक्तदाबाची, एक पित्ताची. दोन्ही सारख्याच आकाराच्या. एरवी मी फोनचा कॅमेरा समोर धरते, तो नाव वाचतो, मी गोळी घेते, संपला विषय. काल मी पट्ट्या घेऊन शेजारच्या रुकसानाभाभींकडे गेले. त्या प्रेमाच्या आहेत. म्हणाल्या, ‘अहो मॅडम, ही घ्या ब्लडप्रेशरची. पण तुमचा फोन कुठाय? तुम्ही कधी विचारायला येत नाही, म्हणून भीतीच वाटली मला.’ मग बसा म्हणाल्या, चहा केला, मुलाला दारापर्यंत सोडायला सांगितलं. सगळं प्रेमाने. आणि घरी येऊन मी रडले. का रडले? मदत घेतली म्हणून नाही. मदत मी जन्मभर घेतलीय आणि घेणार आहे. पण काल ती मी मागायची ठरवली नव्हती. ती पाळी माझ्यावर आणली गेली.

आता आपण म्हणाल, मॅडम, नवा फोनही गोळ्यांची नावं वाचतो. वाचतो ना! मला माहीत आहे. मला किती माहीत आहे ते ऐका, कारण हे मला कोणी विचारलंच नाही.

गेले आठ महिने मी याच एका प्रश्नावर विचार करतेय. फोन बदलावा का? नुसता फोन नाही, फोनची जातच बदलावी का? (हसू नका, जात हा शब्द मी जपूनच वापरते.) माझी जुनी विद्यार्थिनी निकिता, तीही माझ्यासारखीच आंधळी, बिबवेवाडीत राहते, बँकेत आहे, आणि आयफोन वापरते. दर रविवारी मी तिच्याकडे जाऊन बसायचे. ती माझ्या बोटांवर बोटं ठेवून शिकवायची. आमच्याकडे मागच्या पडद्यावर जायचं तर एक बोट खाली नेऊन डावीकडे वळवायचं. तिच्याकडे दोन बोटांनी इंग्रजी झेड काढायचा. मी आपली सवयीने खाली-डावीकडे, खाली-डावीकडे, आणि फोन ढिम्म. निकिता म्हणायची, ‘मॅडम, पंधरा दिवस हात चिडतील, मग येतील वळणावर.’ खरं असेल तिचं. तिचा फोन समोर दार आहे हे सांगतो, दारावरची पाटीही वाचतो. मला त्याचा मोह झाला. खोटं कशाला बोलू?

पण माझ्याही फोनमध्ये काही आहे. पुष्कळ ॲपमध्ये बटणांना नावच दिलेलं नसतं. तुम्हाला चित्र दिसतं. मला नुसतं ऐकू येतं, ‘बटण. बटण. बटण.’ तेव्हा ज्या बटणाला नाव नाही, त्याला आपण स्वतः नाव देऊ शकतो अशी सोय माझ्या फोनमध्ये आहे. मी एकेक बटण दाबून, चुकून, नको ते उघडून, नको त्याला फोन लावून, शोधून काढलं आणि त्याला नाव दिलं. बँकेच्या ॲपमध्ये एका बटणाचं नाव आहे ‘थांब, इथून पैसे जातात’. दुधाच्या ॲपमध्ये ‘उद्या नको’. आपल्या कॉलेजच्या हजेरीच्या ॲपमध्ये एक आहे, त्याचं नाव मी या व्यासपीठावरून सांगू शकत नाही. सर, ते आपल्याला उद्देशून नाही. ही सगळी नावं त्या फोनबरोबर राहतात. दुसऱ्या जातीच्या फोनमध्ये ती जात नाहीत. म्हणजे मी तिकडे गेले तर मला पुन्हा पहिल्यापासून चाचपडायचंय. चाचपडेन! मला चाचपडण्याची भीती नाही, तो माझा पिढीजात धंदा आहे. पण एवढं किमतीचं काही सोडायचं, तर ते सोडणाऱ्याला विचारून नको का?

मी निकिताला सांगितलं होतं, पेपर तपासून झाले की ठरवते. पेपर झाले. मी ठरवण्याच्या अगदी जवळ आले होते. कोणत्या बाजूला, ते आता सांगत नाही. आणि आज कळलं की ठरलंसुद्धा.

अभय, तुम्ही वाईट माणूस नाही. तुम्ही एक व्हिडिओ पाहिलात, त्यात कोणीतरी सांगितलं की अंध माणसांना आयफोनच उत्तम. तुम्ही स्टाफरूममध्ये तेच सांगितलंत आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पण ज्या स्टाफरूममध्ये पंख्याचा वेग किती ठेवायचा यावर मतदान होतं, तिथे माझ्या फोनवर मतदान घेताना माझं मत मोजायचं राहून कसं गेलं हो? हॉटेलात गेलो की वेटर माझ्याबरोबरच्या माणसाला विचारतो, ‘ह्या काय घेणार?’ तुम्ही सगळे माझ्याबरोबर किती वेळा हॉटेलात आलात आणि किती वेळा त्या वेटरवर चिडलात! अभय, तुम्ही तर एकदा त्याला चांगलं फैलावर घेतलं होतंत. मग आज काय झालं?

आता पूर्वा. उठू नकोस, बस.

बाबा गेल्यापासून मी एकटी राहते, उद्यापासून कॉलेजही नाही, म्हणून तुला भीती वाटते, हे मला कळतं. काल रात्री बंगलोरहून घरी पोचल्यावर तू म्हणालीस, ‘आई, तू कुठे आहेस ते मला दिसायला हवं.’ मी म्हटलं, का गं? तू म्हणालीस, ‘असंच.’ आता कळलं असंच म्हणजे काय. मी कुठे आहे ते दाखवण्याची सोय माझ्या जुन्या फोनमध्येही आहे, बाळा. मी ती बंद ठेवलीय. विसरून नाही, समजून. मला कोणी दिसत नाही, याची मला सवय आहे. पण मी सगळ्यांना सतत दिसत राहावं, आणि मला ते माहीतही नसावं, याची सवय मी करून घेणार नाही. तू माझी मुलगी आहेस. माझ्या फोनचा पासवर्ड मी तुला सांगितला होता तो मी बेशुद्ध पडले तर, म्हणून. मी शुद्धीत आहे. मला याचं फार वाईट वाटलंय आणि ते घरी चार भिंतींत बोलायचं सोडून इथे बोलतेय, कारण फोन आता अभयच्या बॅगेत आहे आणि घरी पोचेपर्यंत तो दुकानात पोचला असता.

तर माझं उत्तर असं. हा नवा डबा मी आज घेणार नाही. दुकान परत घेत असेल तर परत करा. घेत नसेल तर देवस्थळी सरांच्या कपाटात ठेवा. मला तो हवासा वाटला तर मी स्वतः येऊन मागेन. मागायला मी लाजत नाही, वेतनश्रेणीसाठी मी काय काय मागितलंय ते ढमढेरे साहेबांना ठाऊक आहे. तेव्हा तो माझ्या अकाउंटवर सुरू होईल. आणि मी आलेच नाही, तर समजा की मॅडम नाही म्हणाल्या. आपण मला कृतघ्न म्हणाल. म्हणा. निवृत्त झाल्यावर एवढं तरी परवडतं.

अभय, आता वर या. पायऱ्या तीन आहेत, जपून. हं. बॅगेची चेन ऐकू आली. द्या इकडे. हाच. कव्हरचा हा कोपरा फाटलाय, हाच माझा.

थांबा, चालू करते. माइकजवळच धरते, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

काय, हसताय? काही कळलं नाही ना? मी त्याच्या बोलण्याचा वेग इतका ठेवलाय की नवख्याला नुसता डबा खडखडल्यासारखा वाटतो. मला अक्षर न् अक्षर कळतं. एक मेसेज आलाय. आत्ताच, याच हॉलमधून, पहिल्या रांगेतून. पूर्वाचा आहे. काय लिहिलंय ते मी सांगणार नाही. तो मला आलेला आहे.

असो. या संस्थेने मला नोकरी दिली तेव्हा आंधळी बाई वर्ग कसा सांभाळणार, असं पुष्कळांनी विचारलं होतं. ज्यांनी तेव्हा मला विचारलं आणि माझं ऐकून घेतलं, त्यांची मी आजन्म ऋणी आहे. सहकाऱ्यांनी मला वर्षानुवर्षं हसवलं, रडवलं, डब्यातलं लोणचं दिलं. त्या प्रेमाविषयी मला आजही शंका नाही, आणि म्हणूनच इतकं स्पष्ट बोलता आलं. अध्यक्ष महोदय, प्रमुख पाहुणे, आयोजक, हॉलची सजावट करणारी मुलं, सर्वांचे मनापासून आभार. बोलताना कोणाचं नाव राहिलं असेल, क्रम चुकला असेल, आवाज चढला असेल, तर उदार मनाने पोटात घाला. फोनबद्दल जे बोलले, ते मात्र पोटात घालू नका, लक्षात ठेवा.

आणि पूर्वा, घरी जायला रिक्षा मी बोलावते. तू नुसती बरोबर चल.

जयभीम.