गाडी काढेपर्यंत

समुपदेशक बाईंच्या दारावर मानसतज्ज्ञांसाठीचे नवे नियम लागले होते. बाहेर बायकोसोबत स्वतःच्या नंबराची वाट बघणाऱ्या काकांच्या कानावर समोरच्या मायलेकींचं बोलणं पडलं.

"आई, पेशंटचं बोलणं आता घरच्यांनाही सांगायचं नाही म्हणे."

"अगं बाई! मग मला कसं कळणार?"

"काय कळणार?"

"तुझ्या मनातलं. तू गाडी काढायला गेलीस की बाई मला आत बोलावून सगळं सांगायच्या."

"सगळं? परगावच्या नोकरीचंही?"

"म्हणून तर माझे गुडघे धरले! नाहीतर ठणठणीत आहे मी."

"आई!"

"ओरडू नकोस. राहिलीस ना शेवटी घरात?"

काका हळूच बायकोकडे वळले.

"मी गाडी काढायला जातो, तेव्हा तू मागे कशाला थांबतेस गं?"