बाबांनी अडवलेला दरवाजा

अरे, लहानपणी आपण तो खजिना शोधायचा गेम खेळायचो, आठवते का? तो नव्यानं बनवाले काही लोक इंटरनेटवर पैसे गोळा करून राहिले होते. मीही दिले. पैसे देणाऱ्याच्या घरचा एक चेहरा ते गेममध्ये टाकणार होते, म्हणून मी बाबांचा फोटो पाठवला. सोबत लिहिलं, हे रेल्वेतले रिटायर्ड टीसी.

तीन वर्षांनी गेम आला. किल्ल्याच्या दारावर बाबा उभे! म्हणतात, पास दाखवा. आपला चेहरा पाहून बाबा स्वतःच खेळाले बसले आणि चार दिवस त्या दारातच अडकले. पास कुठंच सापडेना.

"बाबा, समोर तुम्हीच तर आहात," मी म्हटलं.

"म्हणून तर सांगून राहिलो, हा सोडणार नाही!"

शेवटी आई म्हणाली, "त्याईले नोकरीचं विचार."

मी गेममधल्या प्रश्नांतून तो निवडला. पडद्यावरचे बाबा जुन्या गोष्टी सांगाले लागले आणि आमचा हीरो मागून हळूच आत निघून गेला.

"पस्तीस वर्षं मी हेच करून राहिली," आई म्हणाली.

बाबा मात्र लालबुंद. "बिना पास आत गेला! लिही तक्रार!"

मी लिहिली. पंधरा दिवसांत गेमवाल्यांचं उत्तर आलं: आभारी आहोत, चूक दुरुस्त केली. पण गेममध्ये पास ठेवाले ते विसरलेच.

आता जगात कोणालेच तो दरवाजा ओलांडता येत नाही. देशोदेशीचे लोक शिव्या लिहून राहिले. बाबा रोज सकाळी मले त्या वाचाले लावतात आणि म्हणतात, "हव, आता ड्यूटी बरोबर चालू आहे."