त्रिवेणीच्या क्रेडिटांची बैठक

नाही, पण मला एक सांगा, माणसानं आपल्याच दुकानात, आपल्याच स्टुलावर शांत बसावं की नाही? काचीगुड्यातलं दुकान तुम्हाला माहीतच आहे, स्टेशनकडून येताना डाव्या हाताला, 'हिम्मतराव स्टील'… हौ, हिम्मतराव म्हणजे मीच, दुसरा कोण बसणार तिथं! तर काल दुपारी पाठीवर बॅगा लावलेली कॉलेजची चार पोरं-पोरी आत शिरली. तपेल्यांकडं बघेनात, कुकरकडं बघेनात, सगळी मलाच बघायलीत! आणि त्यातली एक दुसरीच्या कानात म्हणते काय, "यही हैं रे! यही हैं वो मामा!" मला आधी वाटलं, झाली आपली ख्याती! बेचाळीस सोयरिकी जुळवल्यात मी आपल्या लोकांत, पार निजामाबादेपासून उदगीरपर्यंत, तर आता पोरं आपणहून यायलीत, चार लग्नं तरी नक्की. म्हणून उठलो, केसांवरून हात फिरवला, म्हणलं, "बोला बेटा!" …आणि मग कळलं ती कशापायी आली होती. मी तर केव्हापासून विचारतोय जो भेटेल त्याला. तुम्हीही ऐका, नीट ऐका, आणि सांगा, यात माझं काय चुकलं?

माझी बहीण जयवंता. तिची पोरगी त्रिवेणी. हुशार हो! पण इंटरच्या, म्हणजे बारावीच्या, परीक्षेच्या वेळी टायफॉइड काढला, मार्क पडले कमी, युनिव्हर्सिटीत जागा मिळाली नाही. मग चिक्कडपल्लीच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचा पर्यटनाचा डिप्लोमा केला. तिथं काय शिकली देव जाणे, पण एक दिवस येऊन म्हणते, "मामा, मला आंतरराष्ट्रीय संबंधांची डिग्री करायचीय. युनिव्हर्सिटी आमच्यासारख्यांना मधनंच घेते, सरळ तिसऱ्या वर्षाला." म्हणलं, "हे आंतरराष्ट्रीय संबंध म्हणजे काय गं?" तर म्हणते, "एक देश दुसऱ्या देशाशी कसा बोलतो, काय मागतो, काय सोडतो, ते शिकायचं." मी हसलो. म्हणलं, "खुळे, त्याला डिग्री कशाला लागते? ते तर मी बेचाळीस वेळा केलंय!"

इथंच बघा. इथंच मी गप्प बसलो असतो तर…

आता मधनं जायचं म्हणजे कसं, तर आपण आधी शिकलेल्या प्रत्येक विषयाचं एक वजन असतं, त्याला क्रेडिट म्हणतात. पोरीकडं होते ऐंशी. युनिव्हर्सिटीनं ते ऐंशी मान्य केले तर तिसरं वर्ष. एक जरी कमी पडला तर दुसरं वर्ष, म्हणजे आयुष्यातलं एक अख्खं वर्ष पाण्यात. आणि वर्ष गेलं ते गेलं, त्या दुसऱ्या वर्षात बसलाय कोण? तेजस! तिचा धाकटा भाऊ! त्याचं इंटर नीट झालं, तो सरळ युनिव्हर्सिटीत गेला, त्याच डिग्रीला! म्हणजे जिनं त्याला बोट धरून शाळेत सोडलं, तिनं आता त्याच्या शेजारच्या बाकावर बसायचं. त्रिवेणी मला म्हणाली, "मामा, ऐंशी झाले नाहीत तर मी शिकणंच सोडून देईन." डोळ्यांत पाणी होतं हो पोरीच्या. आणि युनिव्हर्सिटीच्या पत्रात लिहिलेलं, मुलाखतीला पालकाला घेऊन या. तिचा बाप, आमचे शिवराज दाजी, माणूस देवगुणी, पण चार माणसांत त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. त्यांचं स्वतःचं लग्न ठरताना फक्त पाणी मागितलं होतं त्यांनी, तेही खुणेनं! मग कुणी जायचं? तुम्हीच सांगा! मामानंच ना? यात माझं काय चुकलं?

मी तयारीनं गेलो. धोतर-टोपी नाही, म्हणाल तसा गावठी नाही मी. इस्त्रीचा शर्ट, खिशात पेन, आणि दुसऱ्या खिशात सुपारी. सुपारी का? अहो, सोयरीक पक्की झाली की सुपारी फोडतात ना आपल्यात! बस हिमायतनगरपर्यंत पोचेस्तोवर पोरीला नियम सांगत होतो. "बैठकीत मुलीनं बोलायचं नाही, बोलणारे आपण आहोत. समोरच्यानं कितीही आग्रह केला तरी ठरेपर्यंत त्यांच्या घरचा चहा घ्यायचा नाही, चहा घेतला की माणूस मिंधा होतो. आणि आपल्याला पाहिजे तो आकडा कधीच सांगायचा नाही! ते म्हणतात पाचशे वऱ्हाडी आणू, आपण म्हणायचं दोनशे, साडेतीनशेवर सुपारी फुटते." ती म्हणते, "मामा, हे लग्न नाहीये." म्हणलं, "बाई, दोन पार्ट्या आल्या की लग्नच असतं."

आत गेलो. मोठं टेबल, पलीकडं विभागप्रमुख मॅडम, सुती साडी, जाड चष्मा, तेलुगू बाई. बाजूला एक सर लॅपटॉपवर टाइप करायला बसलेले. मॅडम एकदम गोड, "कूर्चोंडी, कूर्चोंडी", म्हणजे बसा बसा. बसलो. मॅडम पोरीकडं बघून म्हणतात, "हां त्रिवेणी, तो बताओ…" मी हात वर केला! "एक मिनिट मॅडम! मुलीला कशाला त्रास? हम हैं ना!" मॅडम चमकल्या. तेवढ्यात चहा आला. मी कप हळूच पुढं सरकवला, "नक्को. पहले बात, फिर चाय." पोरीनंही बिचारीनं हातातला कप खाली ठेवला. मॅडमनी सरांकडं बघितलं, सरांनी माझ्याकडं बघितलं, मी छताकडं बघितलं. बैठकीत असंच बघायचं असतं.

मग पोरीनं टेबलाखालनं माझ्या पायावर पाय दिला. जोरात! आता मला सांगा, बैठकीत आपल्या माणसानं पायावर पाय दिला म्हणजे काय? म्हणजे, दाबून धर, सोडू नको! आमची ही बेचाळीस बैठकांत असाच पाय देत आलीय. मला काय माहीत, युनिव्हर्सिटीत त्याचा अर्थ 'गप्प बसा' असा होतो म्हणून? मी छाती काढली आणि म्हणलं, "मॅडम, हमारी तरफ से एकशे वीस क्रेडिट!"

सरांचं बोट हवेत थांबलं. मॅडम म्हणतात, "लेकिन इनके तो टोटल अस्सी ही हैं!"

अहो, मी मनात उडी मारली! समोरच्यानं आकडा फोडला! ऐंशी हा तर त्यांचा पहिलाच आकडा, म्हणजे शंभरावर यायला हरकत नाही! म्हणलं, "चला, ना तुमचं ना आमचं, शंभर!" मॅडमनी फाइल उघडली आणि मान खाली घातली. एक शब्द नाही. वर पंखा कुरकुर करतोय. म्हणलं, "नव्वद." मॅडमनी पान उलटलं. शब्द नाही. पोरीनं पुन्हा पाय दिला, या वेळी टाच! मला घाम फुटला. कारण माझा बेचाळीस बैठकांचा अनुभव सांगतो, वरपक्षाचा वडीलधारा असा गप्प बसून खाली बघायला लागला की पुढच्या मिनिटाला उपरणं झटकून उठतो आणि बैठक मोडते! आणि मोडलेली बैठक म्हणजे पोरीचं नुकसान. म्हणलं, "ऐंशी." …गप्प. "मॅडम, ऐंशी!" …गप्प. चष्मा पुसायलीय बाई! माझा धीर सुटला. मुलीचा मामा आहे हो मी, किती ताणणार? टेबलावर थाप मारली, "जाऊ द्या, सत्तर! लिहा! हिम्मतरावाचा शब्द म्हणजे शब्द!"

शेजारनं पोरीचा असा काही आवाज आला… कुकरची शिट्टी यायच्या आधी येतो ना, तसला.

मॅडमनी मान वर केली. "सत्तर? गार्डियन का यही कहना है? पक्का?" म्हणलं, "पक्का म्हणजे? घ्या!" आणि खिशातली सुपारी काढून त्यांच्याच पेपरवेटनं त्यांच्याच टेबलावर फोडली! खाडकन! एक तुकडा सरांच्या लॅपटॉपवर गेला. सरांनी तो बाजूला केला, टाइप केलं, कागद छापून आला, मी पालक म्हणून सही ठोकली, खाली दोन रेघा मारल्या, आणि मग चहाचा कप ओढला. म्हणलं, "आता घेतो. गार झाला तरी चालेल."

तेव्हा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "चचा, सत्तर तो हम पहले ही मान चुके थे. एक ही पेपर के दस बाकी थे. उसके लिए लडकी से बस दो सवाल पूछने थे. वही पेपर ढूंढ रही थी मैं फाइल में."

"कौनसा पेपर, मॅडम?"

"निगोशिएशन."

निगोशिएशन म्हणजे वाटाघाटी, हे मला पोरीनं बस स्टॉपवर सांगितलं. तेवढंच बोलली. मग स्टॉपवरच्या त्या लोखंडी बाकावर बसून ओंजळीत तोंड घालून रडली. दोन महिने उत्तरं पाठ केली होती तिनं, त्यांचा कागद घामानं ओला झालेला मुठीत, आणि मी तिला एक वाक्य बोलू दिलं नव्हतं. खरं सांगतो, तिथं मला स्वतःची इतकी लाज वाटली, की बस आली, गेली, दुसरी आली, गेली, मी हातसुद्धा केला नाही. घरी जाऊन झालेलं सांगितलं, तर तेजस दारातच, "ये ताई, माझ्या बाकावर जागा धरून ठेवतो!" जयवंता म्हणाली, "दादा, दुसऱ्यांच्या बेचाळीस पोरी उजवल्यास, माझ्या एकीच्या वेळी असं कसं रे केलंस?" दाजींनी पाणी आणून दिलं. ते जास्त लागलं.

आठ दिवस पोरगी माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी दुकानात आली, वही घेऊन, आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली. म्हणाली, "मी एकटी गेले होते मॅडमकडं. सांगितलं, ती मागणी मामाची होती, माझी नव्हती. माझी ऐंशीची आहे, आणि मी त्यातला एकही सोडणार नाही. मॅडमनी चहा विचारला. मी घेतला. मग त्या म्हणाल्या, सोमवारपर्यंत दहा पानं लिहून आण, त्या दिवशीच्या वाटाघाटीत काय चुकलं. पटलं तर दहा क्रेडिट देते, सही रद्द करते." आणि पेनाचं टोपण काढून, मान खाली घालून, एकदम गंभीर आवाजात विचारते, "तर मामा, तुमचं काय काय चुकलं?"

बघा! मी जगाला विचारत फिरायलो, आणि शेवटी मलाच विचारणारी भेटली!

तीन तास सांगत होतो. गिऱ्हाईक आलं, परत पाठवलं. म्हणलं, लिही, समोरच्याला काय द्यायचंय ते विचारलंच नाही. लिही, जिची गरज तिलाच बोलू दिलं नाही. लिही, समोरचा गप्प बसला की हा मामा घाबरतो आणि आपल्याआपणच खाली येतो. ती लिहीत गेली, मधेच हसली, आठ दिवसांनी पहिल्यांदा. तेवढ्यावर माझं भागलं. वर म्हणलं, "दहा पानांत कसं बसेल गं एवढं? मॅडमला वीस माग, पंधरावर ये." तिनं पेनाचं टोपणच लावून टाकलं.

मिळाले हो, मिळाले! ऐंशीच्या ऐंशी! तिसऱ्या वर्षात गेली पोरगी. मी पेढे वाटले गल्लीभर. पण ती दहा पानं मॅडमला इतकी आवडली, इतकी आवडली, की त्यांनी ती दुसऱ्या वर्षाच्या वर्गात शिकवायला घेतली. तेजसच्या वर्गात! आणि तेजस उभा राहून म्हणतो काय, "मॅडम, हे माझे सख्खे मामा आहेत, काचीगुड्यात दुकान आहे, कुणालाही दाखवतो!"

तर कालची ती चार पोरं, तेजसच्याच वर्गातली. सगळं ऐकून घेतलं मी, म्हणलं, आलात तर काहीतरी घ्या की. त्यांनी एक जेवणाचा डबा उचलला. मी भाव सांगितला. पोरं गप्प. एक जण डबा उलटा करून बघतोय, एक पोरगी चष्मा पुसायलीय. म्हणलं, "बरं, थोडं कमी." गप्प. "अजून थोडं." …गप्प! तुम्हाला शप्पथ सांगतो, तोंड उघडलं नाही एकानंही, आणि मी तो डबा खरेदीच्या भावाला देऊन मोकळा झालो!

वर आमच्याकडं डब्यावर नाव फुकट कोरून देतात ना. मशीन हातात घेतलं, विचारलं, "नाव काय घालू?"

म्हणाले, "तुमचंच घाला, मामा. वर्गात ठेवायचाय."

घातलं.